बारा पानांच्या पुढे

माझं फ्रेंच एका पायदळाच्या रेजिमेंटचं आहे.

मी स्वतः सैन्यात वगैरे कधी नव्हते. नवऱ्याला मॉन्ट्रियलला नोकरी लागली म्हणून पुण्याहून आलेली इंजिनिअर मी. आल्यावर कळलं की इथे विमानांच्या कंपन्या भरपूर आहेत, पण मुलाखतीच्या दारातच फ्रेंच उभं असतं. सरकारी वर्गाला नाव घातलं. तिथे मांजर टेबलाखाली आहे आणि माझी बहीण स्टेशनवर आहे, इथपर्यंत प्रगती झाली. मांजरावर नोकरी मिळणार नव्हती. फ्रिजवरच्या माझ्या यादीतला 'फ्रेंच' हा शब्द दर आठवड्याला तसाच पुढच्या यादीत जायचा, आणि एखादं काम असं लोंबकळत राहिलं की मला जेवण गोड लागत नाही.

ते काम शेवटी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हातात घेतलं. आमचं घर मॉन्ट्रियलमध्ये असतात तसं आहे, एकावर एक दोन बिऱ्हाडं आणि वर जायला बाहेरून वळणाचा लोखंडी जिना. खालच्या बिऱ्हाडात हे आमच्या आधीपासून. मूळचे फ्रान्सचे, तरुणपणी कॅनडात आलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी त्यांना मस्यू म्हणते, ते मला मादाम. एका सकाळी जिन्यावरचा बर्फ शोव्हल करताना मी त्यांच्याशी दोन वाक्यं बोलले. त्यांनी फावडं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

"मादाम, हे तुम्हाला कोण शिकवतंय?"

"सरकार."

"ते कळतंय. शनिवारी सकाळी खाली या. फी नको. पण पुस्तक माझं राहील."

पुस्तक म्हणजे निळ्या शाईने लिहिलेली बारा पानं. मस्यू फ्रेंच सैन्यात होते, आपण ज्यांना छत्रीधारी सैनिक म्हणतो त्यांच्यात, आणि ही पानं म्हणजे त्यांच्या रेजिमेंटचा इतिहास. राजाच्या काळात ती साधं पायदळ म्हणून उभी राहिली. क्रांती झाली, राजा गेला; रेजिमेंटने झेंडा बदलला आणि चालत राहिली. नेपोलियनच्या मागे तिने अर्धा युरोप तुडवला. पहिल्या महायुद्धात खंदकांतला चिखल खाल्ला, त्याचीच तीन पानं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वरून हुकूम आला की यांना आता पॅराशूट द्या. 'शतकानुशतकं चालणारी माणसं अशी एके दिवशी आकाशातून पडू लागली', हे मस्यूंचं लाडकं वाक्य. मग अल्जीरिया, तिथले डोंगर, सरहद्दीजवळच्या एका टेकडीवरची लढाई, आणि बाराव्या पानाच्या तळाशी पूर्णविराम. त्या टेकडीवर मस्यू स्वतः होते. विशीतले, सक्तीच्या लष्करी सेवेत गेलेले.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून वाचायची. बसून वाचलेलं त्यांना चालत नसे. "आवाज पोटातून, मादाम! मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे." मागच्या रांगेत फ्रिज होता.

याचा परिणाम असा झाला की खंदक, दारूगोळा, रसद, टेहळणी आणि माघार यांचे शब्द मला अस्खलित आले, आणि दुकानात झाडू मागताना हातवारे करावे लागले. कढई, उशी, पायपुसणं, एकाचंही फ्रेंच माहीत नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, मोठं काम अचानक अंगावर आलं तर काय कराल? मी म्हणाले, आधी टेहळणी, मग रसद, आणि दोन्ही बगला सुरक्षित झाल्याशिवाय पुढे सरकणार नाही. समोरचे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. नोकरी मिळाली. अजून तिथेच आहे. विमानाच्या सुट्या भागांबरोबर जाणारी कागदपत्रं बरोबर आणि वेळेवर जातात की नाही, ते बघते. ऑफिसात मला 'कर्नल' म्हणतात. ते प्रेमाने म्हणतात असं मी धरून चालते.

पहिल्यांदा बारावं पान संपवलं त्या दिवशी मी सहज विचारलं होतं, "मग पुढे?"

"पुढे मी जहाजात बसलो, मादाम."

"कुठल्या?"

"कॅनडाच्या. चला, पुन्हा पहिल्यापासून."

पुढे काय झालं ते मी घरी जाऊन इंटरनेटवर शोधलं. १९६१च्या एप्रिलमध्ये अल्जीयर्समध्ये काही सेनापतींनी आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं. सरकार अल्जीरिया सोडायला निघालं होतं, ते त्यांना मान्य नव्हतं. छत्रीधाऱ्यांच्या काही रेजिमेंटी बंडात उतरल्या. थोड्याच दिवसांत बंड कोसळलं आणि त्या रेजिमेंटी कायमच्या मोडल्या. मस्यूंची त्यांतलीच एक. एवढं वाचून मी लॅपटॉप मिटला आणि त्यांना काही विचारलं नाही. शेजाऱ्याच्या घरातलं कुठलं दार उघडायचं नाही, हे कोणी सांगावं लागत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस छत्रीधाऱ्यांच्या संताचा दिवस असतो. त्याच्या जवळच्या रविवारी शहरातले जुने फ्रेंच छत्रीधारी एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जेवायला जमतात. गाडी चालवणं बंद झाल्यापासून मस्यूंना मी नेते, म्हणून तिथली रीत मला ठाऊक आहे. टेबलांवर एकेका रेजिमेंटच्या नंबराचे पुठ्ठे उभे असतात. जेवण झालं की सेक्रेटरी एकेक नंबर पुकारतो. त्या रेजिमेंटचा माणूस उठतो आणि तिचा इतिहास मोठ्याने वाचतो. वाचून झालं की सगळे तळहाताने टेबलावर दोनदा थाप मारतात. नंबर पुकारल्यावर कोणी उठलं नाही, तर सेक्रेटरी तो पुठ्ठा उचलतो आणि बुटांच्या एका खोक्यात ठेवतो. खोक्यात गेलेला पुठ्ठा पुन्हा टेबलावर येत नाही. मी जायला लागले तेव्हा टेबलांवर पुष्कळ पुठ्ठे असायचे. आता खोका जड झालाय.

मस्यूंच्या रेजिमेंटचे पूर्वी आणखी दोघं यायचे. एक गेला, दुसरा स्मृती हरवून वृद्धाश्रमात आहे. म्हणजे मस्यूच उरले. आणि यंदा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मस्यूंच्या घशाचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण पडतो. मी डॉलर स्टोअरमधून पाटी आणि खडू आणून दिला. पाटीवरचं त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'रविवारी तुम्ही वाचा.'

मी सेक्रेटरीला फोन लावला. हे गृहस्थही निवृत्त, स्वभावाने माझ्यासारखेच. त्यांच्याकडेही सगळ्याची यादी असते.

"मादाम, तुमचं फ्रेंच उत्तम आहे," ते म्हणाले. "थोडं बंदुकीच्या दारूचा वास येणारं, पण उत्तम."

"मग मी वाचते. पानं मला पाठ आहेत."

"तुम्ही कुठल्या रेजिमेंटच्या?"

"मी वरच्या मजल्यावरची."

"मग नाही जमणार. रेजिमेंटचा माणूस, नाहीतर त्याचं रक्त. नियम मी केलेला नाही, मी फक्त पुठ्ठे सांभाळतो."

रक्त बर्नाबीत होतं, कॅनडाच्या पार पश्चिम टोकाला. मस्यूंची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची, तिकडे एका टेक ऑफिसात काम करते. वडिलांना रविवारी नेमाने फोन करायची, नाताळला यायची, पण त्या हॉलमध्ये मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचा नंबर माझ्याकडे अडीअडचणीसाठी होता. ही अडचणच होती.

"येईन की," ती म्हणाली. "ऑपरेशननंतर भेटायला यायचंच होतं. आणि वाचेनही. पण तेरावं पान असेल तरच."

"तेरावं पान नाहीये गं."

"तेच म्हणतेय मी."

मग तिने मला जे सांगितलं ते असं. कॉलेजात तिची एक मैत्रीण होती, अल्जीरियाहून आलेल्या घरातली. ती एकदा घरी जेवायला आली. भिंतीवर रेजिमेंटचा बिल्ला काचेत लावलेला होता. मैत्रीण त्याच्यापुढे जरा वेळ उभी राहिली, मग कोट घातला, आईचे आभार मानले आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, हा बिल्ला तिच्या आजीने तिला चित्र काढून दाखवला होता. आजीचं गाव ज्यांनी रिकामं केलं, त्यांच्या टोपीवरचा. मुलीने घरी येऊन वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "टेकडीची लढाई झाली, आणि पुढे मी जहाजात बसलो."

"मी सतरा वर्षांची होते," ती फोनवर म्हणाली. "ती पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. आणि बाबाने बिल्ला भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. एवढंच. एक शब्द नाही. त्या बारा पानांवर टाळ्या वाजवणाऱ्यांत मी का जाऊन बसू, सांग तू मला."

"टाळ्या नाहीत. थाप मारतात."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे ना!" ती म्हणाली, पण हसली.

अट घेऊन मी खाली गेले. मस्यूंनी ऐकून घेतलं, खडू उचलला आणि पाटीभर एकच शब्द लिहिला, 'नाही.' थोड्या वेळाने तो पुसून खाली लिहिलं, 'इतिहास रेजिमेंटचा आहे. माझा नाही.'

त्यांचं म्हणणं मला अगदीच पटलं नाही असं नाही. त्या टेकडीवर त्यांचे मित्र मेले होते. त्यांची नावं त्या पानांत होती आणि ती वर्षातून एकदा मोठ्याने घेतली जात. पुठ्ठा खोक्यात गेला की ती नावं कोण घेणार? तेराव्या पानाने ती नावंही काळी पडतील, अशी त्यांना भीती होती. आणि मुलीचं म्हणणं मला त्याहून जास्त पटत होतं. दोघांमध्ये मी, हातात फोन आणि पाटी.

"अगं, तू त्यांची सेक्रेटरी आहेस का?" नवरा म्हणाला. "बापलेकीचं भांडण आहे ते. तुझ्या एक्सेल शीटमध्ये बसायचं नाही."

"एक्सेलमध्ये नाहीच घातलेलं. फ्रिजवर लावलंय."

"विंटर टायर्स बदलायच्या वर की खाली?"

"वर," मी म्हणाले.

मस्यूंना घास गिळताना दुखायचं, म्हणून मी रोज ऑफिसला जाण्याआधी मऊ भात, तूप आणि मेतकूट खाली नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी त्यांनी त्या पिवळ्या पुडीकडे संशयाने पाहिलं होतं. चौथ्या दिवसापासून जास्त घाला अशी खूण करू लागले. अशाच एका सकाळी मी त्यांना आमच्या मंडळाची गोष्ट सांगितली. समजवायला म्हणून नाही. माझ्याच डोक्यात ती घोळत होती.

मराठी मंडळाची इतिहासाची संध्याकाळ दर फेब्रुवारीत मी आखते. किल्ले, आरमार, राज्याभिषेक, मुलांचं लेझीम, चहा. आम्ही पानिपतसुद्धा सांगतो. हरलो तरी छाती पुढे काढूनच सांगतो. मागच्या वर्षी ऑफिसात जेवताना मी त्या कार्यक्रमाची वेळापत्रकं जुळवत होते. शेजारी माझी कोलकात्याची सहकारी मासे-भात खात होती. तिने विचारलं, कसला कार्यक्रम? मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमचे घोडेस्वार आमच्या अंगाईत आहेत, माहितीये तुला? माझी आजी मला त्यांची भीती घालून झोपवायची." रागाने नाही म्हणाली. काटा काढता काढता म्हणाली. मला माहीत नव्हतं. घरी जाऊन वाचलं, तेव्हा समजलं की आमची घोडदळं वर्षामागून वर्षं बंगालवर जात होती, आणि गावं जळत होती. शाळेत हे मी शिकले असेन, एखाद्या ओळीत, 'चौथाईसाठी स्वाऱ्या' म्हणून. त्या ओळीत कोणी लहान मूल घाबरून झोपत नव्हतं.

मस्यूंनी चमचा खाली ठेवला. पाटीवर लिहिलं, 'मग तुमच्या हॉलमध्ये हे वाचता?'

"नाही."

'का?'

"तिथे बंगाली कोणी येत नाही."

ते हसले आणि लगेच घसा धरला. मी पाणी दिलं. मग त्यांनी पाटीवर पुष्कळ वेळ काहीतरी लिहिलं, खालपर्यंत. लिहून झालं, पाटीकडे पाहिलं आणि मला न दाखवता बाहीने पुसून टाकलं. मला ऑफिसला उशीर होत होता. वाटी घासून निघाले.

मुलगी शुक्रवारी आली. बापलेक एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागत होते, बँकेत वागतात तसं. शनिवारी दुपारी ती चहाला वर आली.

"काही बोलले का तुझ्याशी? म्हणजे, लिहिलं का?" मी विचारलं.

"लिहिलं ना. पिवळी पावडर फार छान आहे म्हणाला." तिने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी उद्या येईन. शेजारी बसेन. पण वाचणार नाही. तू मला पटवू नकोस."

"नाही पटवत."

"पानं बरोबर घेऊ नकोस मग."

"पानं माझ्या बॅगेत असतातच. छत्री असते तशी," मी म्हणाले. ते खरंच होतं.

रविवारी हॉलच्या दारात स्वागताला एक कॅनडाचे निवृत्त सैनिक उभे होते, पाहुणे म्हणून मदतीला आलेले. त्यांची बेरे टोपी उजवीकडे झुकलेली, बिल्ला डाव्या डोळ्यावर. मस्यूंची डाळिंबी टोपी नेमकी उलट, डावीकडे झुकलेली आणि बिल्ला उजवीकडे. त्या भल्या माणसाने मस्यूंच्या डोक्याला हात घातला.

"सर, टोपी उलटी बसलीय तुमची."

मस्यूंचा चेहरा टोपीच्या रंगाचा झाला. बोलता येत नाही, पाटी माझ्याकडे. मुलीनेच तो हात हळूच बाजूला केला.

"फ्रान्सची आहे," ती म्हणाली. "त्यांचं सगळंच उलट असतं."

मस्यूंनी तिच्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

जेवण झालं. पुकारा सुरू झाला. पहिल्या रेजिमेंटचे दोघं होते, अर्धं अर्धं वाचलं. दुसरीचा नातू उठला, शब्दांच्या माना मोडत इंग्रजी वळणाचं फ्रेंच वाचलं. त्यालाही थाप मिळाली. तिसऱ्या नंबराला कोणी उठलं नाही. पुठ्ठा खोक्यात गेला. खोक्याचं झाकण बंद होताना फारसा आवाज होत नाही, पण सगळे तिकडेच बघत असतात.

मग आमचा नंबर. सेक्रेटरींनी एकदा पुकारला आणि मस्यूंकडे पाहिलं. मस्यू ताठ बसले होते, दोन्ही हात टेबलावर, नजर पुठ्ठ्यावर. मुलगी रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती. दुसऱ्यांदा पुकारला. सेक्रेटरी आमच्या टेबलाशी आले. "माफ करा, मित्रा," ते हलक्या आवाजात म्हणाले आणि पुठ्ठ्याला हात लावला.

मस्यू काही करत नव्हते. त्यांनी पुठ्ठा धरला नाही, मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त त्यांची बोटं टेबलावर काहीतरी लिहीत असल्यासारखी हलत होती.

मुलगी उठली.

"रक्त," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी पुठ्ठा ठेवला. मी बॅगेतून पानं काढून तिच्या हातात दिली.

तिने वाचलं. फ्रेंच तिचं मॉन्ट्रियलमध्ये वाढलेल्या मुलीचं, त्यावर पश्चिम किनाऱ्यावर घालवलेल्या वर्षांची धूळ. खंदकांच्या पानावर दोनदा अडली. मला सगळं पाठ असल्यामुळे माझे ओठ तिच्याआधी हलत होते, ते मी मुद्दाम मिटून घेतले. टेकडीवरची नावं तिने सावकाश घेतली, एकेक, बापाकडे पाहून. त्यांनी प्रत्येक नावाला मान हलवली. बाराव्या पानाचा पूर्णविराम आला. तिने पानं खाली ठेवली. सगळ्या हॉलचे हात थापेसाठी वर गेले.

मस्यूंनी तिचं मनगट धरलं.

"पुढे," ते म्हणाले.

आवाज कसला, कागद फाटल्यासारखं काहीतरी. पण हात वर असलेल्या त्या शांततेत ते मागच्या रांगेपर्यंत गेलं.

"बाबा, डॉक्टरांनी—"

"पुढे."

"पुढे पान नाहीये."

"मी आहे."

त्यांनी तिला खाली ओढलं, खुर्चीत बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. एक वाक्य कुजबुजले. ती तशीच राहिली. मग मान वर करून तिने ते मोठ्याने म्हटलं. पुन्हा कान. पुन्हा वाक्य. हॉलमधले हात एकेक करून खाली आले.

"टेकडीच्या लढाईनंतर आम्हाला एक गाव रिकामं करायला सांगितलं," ती म्हणाली. "सामान गोळा करायला थोडा वेळ दिला होता. बायकांनी घोंगड्या घेतल्या, भांडी घेतली. एकीने दार घेतलं. बिजागरीतून काढून दार डोक्यावर घेतलं."

कान.

"एक म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. उठेना. लेफ्टनंट म्हणाले, उचल तिला. मी उचललं. तिला वजनच नव्हतं. तिने मला मारलं नाही, शिवी दिली नाही. ट्रकपर्यंत ती मागे घराकडे बघत राहिली, माझ्या खांद्यावरून. मग आम्ही छपरं पेटवली. चूल तशीच होती, तिच्यावर भांडं."

मागच्या टेबलावरचा एक जण उठला. खुर्ची सरकवली, टोपी घातली आणि बाहेर गेला. मुलगी थांबली. मस्यूंनी तिच्या मनगटावर टकटक केलं.

"एप्रिलमध्ये रात्री आम्हाला ट्रकमध्ये बसवलं आणि शहरात आणलं. मी पोस्टाच्या दारावर पहारा दिला. कोणाविरुद्ध, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हातारीला उचलतानाही विचारलं नव्हतं. मग ते संपलं. झेंडा खोळीत घातला आणि घेऊन गेले. रेजिमेंट मोडली." तिने श्वास घेतला. शेवटचं वाक्य तिने कान न लावताच म्हटलं, कारण ते तिला माहीत होतं. "आणि पुढे मी जहाजात बसलो."

कोणी थाप मारली नाही. कॉफीच्या भांड्याचा खदखदण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता पुठ्ठा उचलला जाणार. सेक्रेटरी यादीवर मान घालून उभे होते. त्या यादीत अशा वेळी काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी त्यांनी तळहात टेबलावर ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला. काहींनी तसंच केलं. काहींनी केलं नाही. मग त्यांनी पुढचा नंबर पुकारला. पुठ्ठा टेबलावरच राहिला.

परतताना गाडीत दोघं मागे बसले. मस्यूंना आता खरोखरच बोलता येत नव्हतं. त्या कुजबुजण्याने पुढे बरेच दिवस त्यांचा घसा सुजलेला राहिला आणि डॉक्टर माझ्यावर ओरडले, जणू मीच ते बोलले होते. मी आरशात एकदा पाहिलं. मुलीने वडिलांची टोपी मांडीवर घेतली होती आणि बिल्ल्यावरून अंगठा फिरवत होती. तिचं सगळं मिटलं असेल असं मला वाटत नाही. त्या मैत्रिणीला शोधून काही कळवणार आहेस का, असं मी पुढे फोनवर विचारलं. ती म्हणाली, "काय कळवू? तिला ते आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते आम्हाला." पण जाण्याआधीची एक अख्खी दुपार ती खाली स्वयंपाकघरात बसली, त्यांची पाटी आणि तिचं पेन. ती कागदावर उतरवायची, ते पाटीवर दुरुस्त करायचे.

ती गेल्यावरच्या शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी खाली गेले. खरं म्हणजे मला आता फ्रेंच शिकायची गरज नाही, पण शनिवार कधी बंद केले नाहीत. टेबलावर पानं होती. मस्यूंनी खुर्चीकडे नाही, फरशीकडे बोट दाखवलं. मी उभी राहिले आणि वाचायला लागले, आवाज पोटातून. राजा, झेंडा, चिखल, आकाश, टेकडी. मग तेरावं पान, मुलीच्या अक्षरातलं.

वाचताना मी एका जागी थांबले. घोंगडी, भांडं, चूल, बिजागरी, उंबरा. मॉन्ट्रियलला आल्यावर जे शब्द मी दुकानातून आणि शेजारणींकडून एकेक करून गोळा केले होते, ते सगळे या एका पानात होते. आधीच्या बारा पानांत, इतक्या वर्षांच्या वाटचालीत, एकही घर नव्हतं.

मस्यूंनी पाटी वर केली. 'का थांबलात?'

"काही नाही," मी म्हणाले, आणि उंबऱ्यापासून पुन्हा वाचलं.

फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक आता फ्रिजवर लागलंय. लेझीम आणि चहा यांच्यामध्ये मी दहा मिनिटं मोकळी ठेवली आहेत. त्या कोलकात्याच्या सहकारीला विचारलंय, येशील का. ती म्हणाली, येईन, पण जेवायला मासे असतील का? ते मी यादीत लिहिलंय.